जुना ट्रक घेताना इंजिनची टिकटिक: आवाजाचं मूळ कसं शोधायचं

"टॅपेटचा आवाज आहे, सेटिंग केलं की जाईल." जुना ट्रक बघायला गेलं आणि इंजिनातून टिकटिक ऐकू आली की विकणाऱ्याचं उत्तर बहुधा हेच असतं. टॅपेट म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत (सिलिंडरच्या झडपेपर्यंत) पोचवणारा भाग. पुष्कळदा ते उत्तर खरंही असतं. पण अगदी तसाच आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरांचा जळका गॅस गोळा करणाऱ्या पाइपच्या) फुटलेल्या गॅस्केटमधून येतो, इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी बसलेला वॉशर गेला की येतो, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) झिजला की येतो, आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जायला लागलं की सुरुवातीला तोही असाच वाटतो. पहिल्या दोन दुरुस्त्या इंजिन न उघडता होतात. पुढच्या दोन्हींत इंजिन खोलावंच लागतं.

आवाज किती मोठा आहे यावरून यातलं काहीच ठरत नाही. फुटलेलं गॅस्केट सगळ्या अंगणभर ऐकू येतं आणि जायला लागलेलं बेअरिंग केबिनमध्ये बसल्यावर कळतही नाही. आवाज केव्हा येतो आणि केव्हा जातो, यावर लक्ष ठेवा: इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, रिकाम्या रेसवर की लोडवर (गाडी वजन ओढत असताना), क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला की दोन फेऱ्यांत एकदा.

इंजिन थंड असतानाच पोचा

तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोचल्यावर आधी टॅपेट कव्हरला आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. कोमट लागलं तर इंजिन नुकतंच चालवलेलं आहे. गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर असेल तर स्टार्टर न मारता नुसती चावी ऑन करून कूलंटचं तापमान वाचा; रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत ते बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवं. गरम इंजिनावर एक्झॉस्टची गळती, पिस्टनचा ढिलेपणा आणि टायमिंग चेनची (क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या साखळीची) पहिल्या सेकंदांतली खडखड हे तिन्ही आवाज दडून जातात. तेव्हा कारण काहीही सांगितलं तरी त्या दिवशी तपासणी न करता दुसरा दिवस मागून घ्यावा.

सुरू करण्याआधी ऑइलची काडी काढा. पातळी खालच्या खुणेपेक्षा बरीच खाली असेल तर वळणावर किंवा चढावर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. पातळी वरच्या खुणेच्या खूप वर असेल तर क्रँक ऑइलमध्ये आपटत राहतो आणि फेस होतो. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (ऑइलच्या दाबाने आपली फट आपणच भरणाऱ्या टॅपेटमध्ये) ही हवा शिरली की तो दबतो आणि टिकटिकायला लागतो; ऑइल कमी असो वा जास्त, आवाज एकच. आता ऑइलचा थेंब दोन बोटांत घेऊन चोळा. डिझेल इंजिनात घातलेलं नवं ऑइल थोड्याच वेळात काळं पडतं, त्यामुळे काडीवर स्वच्छ पारदर्शक ऑइल दिसलं तर ते तुमच्या भेटीसाठीच बदललेलं आहे. ते चिकट, तार सुटण्याइतकं दाट लागलं तर आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल किंवा घट्ट करणारं रसायन घातलेलं असू शकतं. असं ऑइल गरम होऊन पातळ झालं की आवाज परत येतो. अशा गाडीची चाचणी लांबवा, दहा मिनिटांत उरकू नका.

गाडी अजून बंद आहे तोवर टॉर्च घेऊन एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बघा. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि मॅनिफोल्ड जिथे भेटतात तिथे काजळीचे काळे फराटे दिसतात का? स्टडची डोकी सगळी जागेवर आहेत का? मॅनिफोल्ड तापून लांबतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण दोन्ही टोकांच्या स्टडवर येतो आणि बहुतेक वेळा तुटतात तेही तेच. केबिनच्या बाजूचा शेवटचा स्टड सहज दिसत नाही, त्यामुळे तिथे आरसा धरून बघावं.

पहिली दहा सेकंदं आणि पुढची पाच मिनिटं

स्टार्टर मारायला दुसऱ्याला सांगा आणि तुम्ही इंजिनाजवळ उभे राहा. हँडब्रेक लावलेला, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना अडथळे, केबिन उचललेली असेल तर तिचा लॉक बसलेला, आणि तुमच्या अंगावर पंख्यात अडकेल असं काही नको.

सुरू होताच दोन-तीन सेकंद टकटक येऊन ऑइल प्रेशरचा दिवा विझल्यावर थांबली, तर रात्रभरात ऑइल खाली उतरलं होतं एवढाच त्याचा अर्थ. ऑइल फिल्टरमध्ये ते उतरू न देणारा रबरी व्हॉल्व्ह असतो. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये तो कडक होतो आणि आवाज रोज सकाळी येत राहतो. फिल्टर बदलून हे थांबतं. इंजिनाच्या पुढच्या भागातून साखळी आपटल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेन लांबली आहे किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर दाब धरत नाही. हा आवाज हळूहळू वाढत जातो, म्हणून "थोडाच वेळ येतो" या बोलण्यावर जाऊ नये.

पुढची पाच मिनिटं गाडी स्लोवर चालू द्या, रेस देऊ नका. याच वेळात थंड इंजिनाचे आवाज एकमेकांपासून वेगळे होतात. पोकळ, बोथट, लाकडावर मारल्यासारखा आवाज बाजूच्या ब्लॉकमधून येत असेल आणि इंजिन तापेल तसा विरत असेल, तर पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा ढिला आहे. तापून पिस्टन फुगतो, गॅप भरते, आवाज जातो. धूर आणि ऑइल खाणं प्रमाणात असेल तर असं इंजिन पुष्कळ काळ चालतं. कोरडी, फुसफुसणारी टिकटिक असेल आणि तीही तापल्यावर विरत असेल तर एक्झॉस्ट बघा.

एक्झॉस्टची गळती: टॅपेट समजून सगळ्यात जास्त फसवणारा आवाज

सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबातला गॅस एका झटक्यात बाहेर येतो. गॅस्केटला बारीक फट असेल तर तो झटका तिथून निसटतो आणि कानाला धातूवर धातू आपटल्यासारखा लागतो. थंड असताना फट मोठी असते. मॅनिफोल्ड तापून प्रसरण पावला की ती मिटते. रेस मारली, विशेषतः लोडवर, की आवाज एकदम वाढतो, कारण गॅसचा दाब वाढलेला असतो. टॅपेटचा आवाज लोडने फारसा बदलत नाही. हा फरक लक्षात ठेवला तर निम्म्या चुका टळतात.

खात्री करायला साधी रबरी नळी पुरते. साधारण एक मीटर नळी घ्या, एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून एकेका सिलिंडरपाशी सावकाश फिरवा, धातूला न लावता. गळतीपाशी आल्यावर फुस्स-फुस्स असा वाऱ्याचा झोत नळीतून थेट कानात येतो. पाच सेंटिमीटर पुढे सरकलात की तो गायब होतो. टॅपेटचा आवाज नळीतून असा एका जागी तुटत नाही, तो सगळीकडे सारखाच येत राहतो. इंजिन थंड असताना जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं तर बुडबुडेही दिसतात, पण हे पहिल्या एक-दोन मिनिटांतच करायचं. टर्बोचा फ्लँज आणि ईजीआरचा (थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात नेणाऱ्या यंत्रणेचा) पाइप तपासायचाही विसर पडू देऊ नका.

गळती साधी गॅस्केटची असेल तर काम छोटं आहे. स्टड हेडमध्येच तुटला असेल तर तो काढण्यात वेळ जातो, आणि मॅनिफोल्ड वाकला असेल तर त्याचा पृष्ठभाग घासून सरळ करावा लागतो, नाहीतर नवं गॅस्केट काही महिन्यांत पुन्हा फुटतं. पुन्हा पुन्हा गॅस्केट बदलूनही आवाज परत येणाऱ्या गाड्यांत मूळ दुखणं बहुधा हेच असतं: पट्टी ठेवून मॅनिफोल्डचा सरळपणा कुणी तपासलेलाच नसतो.

याचाच भाऊ म्हणजे इंजेक्टरच्या बुडाची गळती. इंजेक्टर आणि हेड यांच्यामध्ये तांब्याचा वॉशर असतो. तो गेला की ज्वलनाचा गॅस वर येतो आणि 'चफ-चफ' असा आवाज होतो. इंजेक्टरभोवती डांबरासारखा कडक काळा थर साचलेला दिसला की नळीसुद्धा लागत नाही. लवकर सापडलं तर वॉशर बदलून आणि सीट साफ करून भागतं. खूप काळ तसंच चालवलं तर इंजेक्टर हेडमध्ये घट्ट अडकतो आणि गॅसने सीट खाल्लेली असते.

टिका मोजणं

चार स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. ६०० आरपीएमवर क्रँक सेकंदाला १० फेरे मारतो, म्हणजे एक व्हॉल्व्ह सेकंदाला ५ वेळा उघडतो. एका टॅपेटची टिक सेकंदाला ५ वेळा यायला हवी. कानाने एवढं मोजता येत नाही, पण मोबाइलवर रेकॉर्ड करून पाव वेगाने लावलं तर सेकंदाला सव्वा टिक पडते आणि ती आरामात मोजता येते. सेकंदाला १० टिका मिळाल्या तर क्रँकबरोबर फिरणाऱ्या भागांवर संशय घ्या: पुढची पुली, फ्लायव्हील, ऑटोमॅटिक गाडीत तडा गेलेली फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ तबकडी). अर्थात दोन टॅपेट ढिले असले तरी १० टिका होतात, पण त्यांच्यातलं अंतर सहसा समान नसतं.

या मोजणीवर जास्त भार टाकू नये. एका सिलिंडरची एक्झॉस्ट गळती आणि एका इंजेक्टरचा आवाजही सेकंदाला ५ वेळाच येतो, आणि बेअरिंगचा ठोका पॉवर स्ट्रोकला जास्त जोरात बसत असल्याने तोही निम्म्या वेगाचा वाटू शकतो. मोजणीने काही शक्यता गळतात, निकाल लागत नाही.

जागा शोधायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर वापरा: टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. टॅपेट कव्हर, प्रत्येक इंजेक्टर, टायमिंग कव्हर, ब्लॉकची बाजू, ऑइल पॅन या क्रमाने फिरा. कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात) आणि थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात इंजेक्टरची टिकटिक असतेच. सगळ्या इंजेक्टरवर ती सारखी येते ना, एवढं बघा. एखादा एकदम तीव्र वाजत असेल किंवा एकदम गप्प असेल तर तो इंजेक्टर तपासायला हवा.

टॅपेटच असेल तर कव्हर काढून बघा

विकणारा टॅपेट म्हणत असेल तर इंजिन बंद आणि थंड करून कव्हर काढू द्यायला त्याची हरकत नसावी. हरकत असेल तर त्याचा हिशोब भावात धरावा.

मोठ्या डिझेल इंजिनात गॅप, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली फट, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजायची. इंजिनानुसार आकडा बदलतो. बऱ्याच इंजिनांत इनटेकचा ०.२० ते ०.४० मिलिमीटर आणि एक्झॉस्टचा त्याहून जास्त असतो, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो. कंपनीचा आकडा बघूनच मोजा. मोजताना त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असले पाहिजेत.

आता सेटिंग करूनही पुन्हा पुन्हा येणाऱ्या आवाजाबद्दल. गॅप बरोबर दाखवतेय आणि तरी टॅपेट वाजतोय, असं झालं की रॉकरचं टोक उलटं करून बघा. व्हॉल्व्हच्या दांड्यावर वर्षानुवर्षं आपटून तिथे वाटीसारखा खळगा पडलेला असतो. फिलर गेजची पाती सपाट असते. ती खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते आणि मधली पोकळी तिला कळतच नाही. गेज ०.३० दाखवतं, प्रत्यक्षात गॅप ०.४५ असते. मेकॅनिकने काम प्रामाणिकपणे केलेलं असतं आणि आवाज मात्र तसाच राहतो. यावर उपाय रॉकर बदलणं किंवा त्याचं टोक घासून नीट करणं हाच. दुसरं कारण म्हणजे अॅडजस्टिंग स्क्रूच्या लॉकनटचे आटे गेलेले असणं. सेटिंग केल्यावर थोड्याच दिवसांत ते सरकतं. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्हना जोडणारा ब्रिज असतो. तो तिरका बसला असेल तर एक व्हॉल्व्ह आधी दाबला जातो आणि गॅप कितीही वेळा लावली तरी टिकटिक राहते.

सगळ्यात महाग कारण म्हणजे झिजलेला कॅम. इंजिन हाताने फिरवा आणि प्रत्येक रॉकर किती खाली जातो ते डायल गेजने मोजा. सगळे इनटेक एकमेकांशी आणि सगळे एक्झॉस्ट एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादा ठळकपणे कमी उचलत असेल तर त्याची कॅम लोब झिजली आहे किंवा टॅपेटचा रोलर गेला आहे, आणि त्याचा लोखंडी चुरा ऑइलमधून इंजिनभर फिरलेला आहे.

गप्प टॅपेटही चांगलाच असतो असं नाही. गॅप कमी केली की आवाज जातो, आणि हे विकणाऱ्यांनाही ठाऊक असतं. थंड असताना ०.१० ठेवलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची गॅप गरम झाल्यावर संपते, व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता सीटमार्गे हेडमध्ये जात नाही आणि त्याची कड जळून जाते. म्हणून कव्हर काढल्यावर ढिले टॅपेट शोधता तसे घट्टही शोधा. इंजिन शांत आहे पण सायलेन्सरमधून ठरावीक अंतराने फुस निघतेय, असं दिसलं तर कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इंजिनाबाहेरचे आवाज

हवेचे ब्रेक असलेल्या ट्रकमध्ये एअर कॉम्प्रेसर हा छोटा पिस्टनचा पंपच असतो, आणि त्याचं बेअरिंग ढिलं झालं की तो हुबेहूब इंजिनासारखा ठोके देतो. पारख सोपी आहे. टाक्या भरू द्या. बऱ्याच गाड्यांत ८ ते ९ बारच्या आसपास गव्हर्नर हवा सोडतो आणि कॉम्प्रेसर रिकामा फिरायला लागतो. त्या क्षणी ठोका बदलला किंवा थांबला तर तो कॉम्प्रेसरचाच. मग ब्रेक दाबत टाकी उतरवा. कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागला की ठोका परत येईल.

मॅन्युअल गाडीत क्लच दाबून बघा. दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बाजूला शोधा. दाबल्यावरच आला तर रिलीज बेअरिंग. अल्टरनेटर, टेन्शनर, पंप यांच्यासाठी बेल्ट काढून इंजिन काही सेकंदच चालवा, कारण त्यावर वॉटर पंपही असू शकतो. हीट शील्डचा पत्रा गाडी बंद असताना हाताने हलवून बघितला की झालं.

खालचा ठोका

आता गाडी किमान अर्धा तास चालवा, शक्य असेल तर माल भरून. ऑइल पूर्ण तापायला कूलंटपेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि बेअरिंगचा आवाज पातळ ऑइलमध्येच उघडा पडतो. रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड असतो, ऑइल पॅनकडे जास्त येतो, इंजिन तापेल तसा वाढतो आणि हलक्या लोडवर रेस धरून ठेवली किंवा एकदम सोडली की स्पष्ट होतो. थंड असताना जाणवलं नाही आणि गरम झाल्यावर आलं, हे सगळ्यात वाईट लक्षण.

खात्रीसाठी एकेक सिलिंडर बंद करून ऐका. कॉमन रेल इंजिनात हे फक्त स्कॅनरनेच करा. त्या पाइपमध्ये १००० बारच्या वरही दाब असू शकतो. नट ढिला केला तर डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, आणि अशी जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. इंजेक्टरच्या वायरींनाही हात लावू नका, त्यांत धोकादायक विद्युतदाब असतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात स्लोवर असताना एकेका नोझलच्या पाइपचा नट फडकं धरून थोडा ढिला करतात. हे काम सवय असलेल्या मेकॅनिकवरच सोपवा.

एक सिलिंडर बंद केल्यावर ठोका गेला किंवा खूप कमी झाला तर त्याच सिलिंडरचं रॉड बेअरिंग, पिस्टन पिन किंवा इंजेक्टरचा बिघाड. काहीच फरक पडला नाही तर टॅपेट, कॅम किंवा बाहेरचा भाग. मात्र एक्झॉस्ट गळतीचा आवाजही त्या सिलिंडरचं ज्वलन बंद केल्यावर कमी होतो, त्यामुळे नळीची चाचणी आधी आटोपलेली हवी.

गरम असतानाच ऑइल प्रेशर मेकॅनिकल गेज लावून मोजा, डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. कंपनीचा आकडा मिळाला तर उत्तम. नाहीतर दर १००० आरपीएमला साधारण ०.७ बार हा जुना अंदाज धरतात. गरम स्लोवर काटा त्याच्याही बराच खाली जात असेल आणि खाली ठोका असेल, तर शंका उरत नाही.

शक्य असेल तर ऑइल फिल्टर काढून पत्रा कापा, आतला कागद उलगडून उजेडात धरा आणि त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारा चुरा कॅम, टॅपेट, रिंग किंवा गिअरचा. न चिकटणाऱ्या मऊ रुपेरी पापड्या बहुधा बेअरिंगच्या वरच्या थराच्या किंवा पिस्टनच्या. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा थर उघडा पडला आहे. असा ट्रक इंजिन पूर्ण खोलण्याचा हिशोब धरूनच घ्यावा, आणि तो चालवत नेऊ नये, दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्यावा.

पहिल्या भेटीत ऐकलेला आवाज दुसऱ्या भेटीत नसेल तर विकणाऱ्याला एकच विचारा: मधल्या दिवसांत काय काम झालं? ऑइल बदललं असेल तर ते बोटांत चोळा आणि गाडी पुन्हा अर्धा तास चालवा. सेटिंग केलं असेल तर कव्हर काढून एक्झॉस्टची गॅप मोजा. मॅनिफोल्डवर चकचकीत नवे नट आणि स्वच्छ गॅस्केटची कड दिसली, तर आवाजाचं मूळ तिथेच होतं आणि काम झालेलं आहे. काहीच केलं नाही असं म्हणत असेल, तर टॅपेट कव्हरला हात लावून इंजिन थंड आहे का ते आधी बघा.